वाटीभर पाण्याची जबाबदारी

यंदाच्या अंकासाठी 'पाणी' हा विषय हाती आला, तेव्हा धरणं, दुष्काळ आणि टँकर यांवर लिहिणारी जाणती माणसं पुष्कळ आहेत, हे मनात होतं. मला त्या पाण्याचा अगदी शेवटचा टप्पा बघायचा होता. घरातल्या ड्रमातून वाटीत आणि वाटीतून चमच्याने तान्ह्या बाळाच्या ओठांवर जाणारं पाणी. त्यासाठी मी वऱ्हाडात, पूर्णा नदीच्या खोऱ्यात गेले. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. वर काळी कसदार जमीन, कापूस, सोयाबीन, हरभरा. आणि जमिनीखाली खारट पाणी. या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मग अशा गावात बाळंतीण घरी आली की घरचे लोक बाळासाठी पाणी आणतात कुठून, ठेवतात कसं आणि पाजतात केव्हा, एवढंच मला पाहायचं होतं.

एका घरात चार पाणी

खारपाणपट्ट्यातल्या बाईला 'प्यायचं पाणी कुठलं?' असं विचारलं तर एका शब्दात उत्तर मिळत नाही. बोरचं पाणी धुण्याभांड्याला. विहिरीचं गुरांना आणि नळ लांबला तर आंघोळीला. नळाचं स्वयंपाकाला आणि पिण्याला. आणि ज्यांना परवडतं त्यांच्याकडे ओसरीत वीस लिटरचा जार.

नळाचं पाणी लांबून येतं. सातपुड्याच्या पायथ्याशी वान नदीवर हनुमान सागर धरण आहे. तिथून प्रादेशिक योजनांच्या जलवाहिन्या गावोगाव गेल्या आहेत. धरणाचं हे गोडं पाणी या भागासाठी मोठाच आधार आहे. अडचण असते ती पाळीची. नळ रोज येत नाही. कुठे चार दिवसांनी, कुठे आठवड्याने, उन्हाळ्यात आणखी उशिरा. त्यामुळे नळ आला की घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवलं जातं: सिमेंटची टाकी, निळा प्लास्टिकचा ड्रम, गुंड, घागर, कळशी, पातेली. पाणी शुद्ध होऊन गावात येतं आणि पुढचे आठ दिवस घरात साठून राहतं. बाळाच्या दृष्टीने खरा प्रश्न या आठ दिवसांत आहे.

पहिले सहा महिने

जन्मल्यापासून सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही द्यायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि आपल्या आरोग्य खात्याचाही तोच सल्ला आहे. शब्दांत सोपी असलेली ही गोष्ट घरात किती अवघड होते ते मी एका ओसरीवर पाहिलं. आशाताई बाळ पाहायला आल्या होत्या. बाळ दोन महिन्यांचं. आजीने बाजूला एक झाकलेली वाटी ठेवली होती. वावडिंग घालून उकळलेलं पाणी.

"वैशाखात लेकराची जीभ सुकते ताई. आपण घटाघटा पाणी पेतो अन् त्याले चमचाभर द्याचं नाई काय?" आजी म्हणाल्या.

"त्याले देऊ नका आजी, त्याच्या मायले द्या," आशाताई म्हणाल्या. "माय तांब्याभर पेली की लेकराले बरोबर पोचते."

आशाताईंचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. अकोल्याचा पारा पंचेचाळिशीच्या वर जातो त्या दिवसांतही अंगावर पिणाऱ्या बाळाची तहान त्या दुधाने पूर्ण भागते. फक्त ते वारंवार आणि मागेल तेव्हा पाजावं लागतं. बाळ दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल, तर त्याला दूध पुरेसं मिळतंय असं समजायचं. तान्ह्याचं पोट इतकंसं असतं की दोन-चार चमचे पाण्यानेही त्यात दुधाची जागा अडते. बाळ कमी ओढतं, मग आईचं दूधही कमी होतं. पाणी जास्त झालं तर रक्तातलं सोडियम उतरून बाळाला झटके येऊ शकतात. आणि पाण्याबरोबर जंतू गेले तर जुलाब ठरलेलेच.

जी गोष्ट पाण्याची तीच बाळगुटीची. हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, वेखंड सहाणेवर उगाळताना पाण्याचे चार थेंब लागतात. ते पाणी कुठलं, सहाण कशाने पुसली, उगाळणाऱ्या बोटाला काय लागलं होतं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. गूळपाणी आणि मध चाटवण्याची रीतही अशीच. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आज्यांची माया खोटी नाही. पण त्यांच्या काळात किती अर्भकं हगवणीने गेली, हेही त्याच सांगतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत देशातल्या सहा महिन्यांखालच्या सुमारे ६४ टक्के बाळांना निव्वळ स्तनपान मिळत असल्याचं दिसलं. म्हणजे तीनांतल्या एकाहून अधिक बाळांच्या पोटात काही ना काही दुसरं जात होतं. घरी येऊन नवजात बाळ तपासण्याची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने उभी केली; पुढे तीच आशांमार्फत देशभर पोचली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई जातात. या भेटींतला वाटी बाजूला ठेवायला लावणारा संवाद हे बाळासाठीचं सर्वांत स्वस्त जलशुद्धीकरण आहे.

नळापाशी पिवळं, ड्रमापाशी पांढरं

गावात पाणी शुद्ध करण्याचं काम जलसुरक्षकाकडे असतं. टाकीत टीसीएल पावडर टाकायची आणि क्लोरीन शेवटच्या घरापर्यंत पोचलं का ते ओटी चाचणीने बघायचं. मी एका जलसुरक्षकाबरोबर फिरले. त्याने नळाखाली काचेची नळी खुणेपर्यंत भरली, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले. पाणी बघता बघता पिवळं झालं. म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं, असा नियम आहे.

मग मी त्याला त्याच घरातल्या ड्रमातल्या पाण्याची चाचणी करायला सांगितलं. मागच्या पाळीला भरलेला ड्रम. वर फळकुटाचं झाकण, झाकणावर स्टीलचा गडवा. घरातल्या पाच वर्षांच्या मुलीने आमच्यासमोरच गडवा बुचकळून पाणी काढलं. मनगटापर्यंत हात आत गेला. नळीत पाणी घेतलं, तेवढेच थेंब टाकले. पाणी होतं तसंच राहिलं, रंगाचा मागमूस नाही. क्लोरीन उडून गेलं होतं आणि आता बोटांबरोबर जे काही आत जाईल त्याला अडवणारं पाण्यात काही उरलं नव्हतं.

गावात जंतूंच्या चाचणीच्या छोट्या बाटल्याही असतात. त्यात पाणी भरून ठेवायचं; दूषित असेल तर एक-दोन दिवसांत ते काळं पडतं. नळाच्या आणि ड्रमाच्या अशा दोन बाटल्या भरून अंगणवाडीच्या खिडकीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी नळाची बाटली होती तशीच होती आणि ड्रमाची काळी झाली होती. अंगणवाडीत जमलेल्या आयांनी ती हातोहात फिरवून पाहिली. एरवी तासभर सांगूनही जे पटत नाही ते त्या बाटलीने पटवलं. त्या घरच्या बाईने तिथेच विचारलं, "मंग आता ड्रमाले तोटी बसवता येईन काय?"

हा एका घरचा दोष नाही. विकसनशील देशांतल्या अनेक अभ्यासांचा २००४ साली एकत्र आढावा घेतला गेला तेव्हाही हेच दिसलं, की उगमापाशी बरं असलेलं पाणी घरात पोचेपर्यंत आणि साठेपर्यंत बिघडतं. उपायही घरातलेच आहेत. बाळाचं पाणी मोठ्या ड्रमातून वेगळं काढायचं. अरुंद तोंडाच्या किंवा तोटीच्या भांड्यात, घट्ट झाकून ठेवायचं. काढायला लांब दांड्याचं ओगराळं वापरायचं आणि ते खुंटीला टांगायचं, झाकणावर ठेवायचं नाही. आरोग्य केंद्रातून मिळणारं द्रव क्लोरीन बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबायचं. तुरटीने गाळ खाली बसतो, पाणी निवळ दिसतं. पण निवळ पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. बाळासाठी सगळ्यांत खात्रीचं म्हणजे उकळणं. खळाखळा उकळी फुटल्यावर मिनिटभर ठेवलं की जंतू मरतात. नुसतं कोमट करून भागत नाही.

नळ बंद पडला तर काय होतं हे याच भागाच्या डोक्यावरच्या मेळघाटाने दाखवलं. जुलै २०२२मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत कॉलऱ्याची साथ आली, माणसं दगावली. वीजबिल थकल्याने पाण्याच्या पंपाची वीज तोडली गेली होती आणि लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते.

उकळून न जाणारं

इथवर सारं सोपं आहे: पाणी उकळा. खारपाणपट्ट्यात आणि एकूणच विदर्भ-मराठवाड्यात मात्र दुसरा धोका आहे आणि त्याला उकळणं चालत नाही. तो म्हणजे नायट्रेट.

शेतात पडलेला युरिया, गोठ्यातलं मूत, उकिरड्याचा निचरा, शोषखड्ड्यातून झिरपणारा मैला या सगळ्यांतून नायट्रेट जमिनीत उतरतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत, बोरमध्ये पोचतं. त्याला रंग, वास, चव काही नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात देशातल्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या नमुन्यांत ते या मर्यादेपलीकडे होतं. महाराष्ट्रात हे प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त होतं. देशातले सर्वाधिक बाधित १५ जिल्हे या अहवालाने मांडले. त्यांतले सात महाराष्ट्राचे: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ.

मोठ्या माणसाला या नायट्रेटचा लगेच त्रास होत नाही. पहिल्या काही महिन्यांतल्या बाळाचं तसं नसतं. त्याच्या जठरात आम्ल कमी असतं, त्यामुळे तिथले जीवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं ऑक्सिडीकरण करतं आणि ते हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचं राहत नाही. मोठ्यांच्या शरीरात हे बिघडलेलं हिमोग्लोबिन पूर्ववत करणारं विकर भरपूर असतं, बाळात कमी. मग ओठ, नखं, तळपाय निळसर-करडे पडतात, बाळ मलूल होतं, धापा टाकतं. अमेरिकेत आयोवा राज्यातले डॉ. हंटर कॉम्ली यांनी १९४५मध्ये हे पहिल्यांदा मांडलं. त्यांच्यासमोर आलेल्या बाळांना शेतातल्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध दिलं जात होतं. वेळेत ओळखलं तर या विकारावर औषध आहे. म्हणूनच निळसर पडलेल्या बाळाला दवाखान्यात नेलं की डॉक्टरांना 'बाळाला विहिरीचं किंवा बोरचं पाणी दिलं होतं,' हे आपण होऊन सांगावं.

आता उकळण्याचा हिशेब बघू. लिटरभर पाण्यात ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आहे. ते उकळून पाऊण लिटर उरलं. वाफ गेली ती पाण्याची. नायट्रेट होतं तेवढंच राहिलं. म्हणजे प्रमाण झालं लिटरला ६० मिलिग्रॅम. आणि बाळासाठी पाणी 'निम्मं आटवून' देण्याची रीत तर घरोघर आहे. निम्मं आटवलं की प्रमाण दुप्पट, ९०. जंतू मारायला केलेली खटपट दुसरा धोका वाढवते. फ्लोराइडही असंच, उकळून जात नाही.

म्हणून अशा भागात आधी पाणी निवडायचं आणि मग उकळायचं. धरणातून आलेल्या नळाच्या पाण्यात नायट्रेट सहसा कमी असतं. बाळासाठी ते वेगळं काढून ठेवावं आणि उकळी आल्यावर मिनिटभराने उतरवावं, आटवू नये. आरओ यंत्राने नायट्रेट बरंचसं निघतं. कँडलच्या फिल्टरने किंवा नुसत्या अतिनील दिव्याच्या यंत्राने ते निघत नाही. जारचं पाणी आरओचं असेल तर क्षार कमी असतात, पण त्यात क्लोरीनही नसतं, आणि जार किती घरं फिरून आला, आतून घासला का, हे दिसत नाही. म्हणून बाळासाठी जारचं पाणीही उकळायलाच हवं.

इथेही आईचं दूध बाळाला वाचवतं. आई जरी नायट्रेटचं पाणी पीत असली तरी ते दुधात फारसं उतरत नाही.

डब्याचं दूध द्यावंच लागलं तर

आई गेलेली असते, अतिशय आजारी असते किंवा बाळ दत्तक आलेलं असतं. अशा वेळी काही शहरांत मानवी दूधपेढ्यांचा आधार मिळतो. आशियातली पहिली दूधपेढी १९८९मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू झाली. पण खेड्यातल्या घरात शेवटी डबाच येतो आणि मग पाण्याशी थेट गाठ पडते.

डब्यातली पावडर निर्जंतुक नसते. तिच्यातही क्रोनोबॅक्टरसारखे जीवाणू असू शकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पावडर कालवायचं पाणी निदान ७० अंश सेल्सियस गरम हवं. पाणी उकळून उतरवल्यावर अर्ध्या तासाच्या आत वापरलं तर ते तेवढं गरम असतं. डब्यावर लिहिलेल्या मापाने आधी पाणी, मग सपाट चमचा पावडर. मग भांडं गार पाण्यात धरून दूध कोमट करायचं, मनगटावर थेंब टाकून बघायचं आणि पाजायचं. दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं. डबा महाग म्हणून पावडर कमी टाकली तर बाळ उपाशी राहतं. घट्ट केलं तर त्याच्या मूत्रपिंडांवर ताण येतो.

आणि बाटली नको. निपलचं भोक, बाटलीची मान, बूच यांत साका बसतो आणि ब्रश तिथवर पोचत नाही. वाटी-चमचा घासता येतो, उकळता येतो, डोळ्यांनी तपासता येतो. दुधाचे डबे आणि बाटल्या यांच्या जाहिरातींवर आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे, नमुने फुकट वाटायलाही मनाई आहे. त्यामागे कारण आहे: ज्या घरात पाण्याची खात्री नाही तिथे बाटली जीव घेते.

सहा महिन्यांनंतर

सहा महिने झाले की खिमट, मऊ वरणभात, नाचणीची पेज सुरू होते आणि बाळाचा पाण्याशी रोजचा संबंध येतो. बाळ रांगायला लागतं, सगळं तोंडात घालतं. जुलाबाचं वय हेच. रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला मिळते, ती चुकवू नये. तरीही जुलाब लागलेच तर जलसंजीवनी आणि १४ दिवस झिंक.

जलसंजीवनीचं मापही पाण्याचंच माप आहे. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर, उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचं. अंगणवाडीच्या बैठकीत मी पाहिलं, निम्म्या बायका पाकीट पेल्यात सोडायच्या. असं द्रावण इतकं खारट होतं की बाळाला अपाय होतो. ताईंनी बाजारातली लिटरची पाण्याची बाटली दाखवून माप समजावलं. द्रावण चोवीस तासांनी टाकून द्यायचं, आणि अंगावरचं दूध जुलाबातही थांबवायचं नाही. बाळ पाणी टाकत असेल, डोळे खोल गेले असतील, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसत असेल, बाळ गुंगीत असेल, तर घरी थांबू नये, थेट दवाखाना.

अहवाल कपाटात

जानेवारी २०२५मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस झपाट्याने गळू लागले. देशभर बातम्या झाल्या, पथकं आली, पाण्याचे नमुने गेले. पाण्यात क्षार भरपूर आणि नायट्रेट मर्यादेबाहेर निघालं. केस गळण्याचं कारण म्हणून पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी धान्यातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पण केसांसाठी तपासलेल्या त्या पाण्याने बाळांविषयी जे सांगितलं, त्याची फारशी चर्चा झाली नाही.

तपासण्या होत नाहीत असं नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक स्रोताची वर्षातून एकदा रासायनिक आणि दोनदा जैविक तपासणी व्हावी अशी तरतूद आहे. गावातल्या पाच महिलांना चाचणी पेटी वापरायचं शिक्षण द्यायचं आहे, आणि त्या पेटीत नायट्रेटचीही चाचणी असते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. ग्रामपंचायतींना स्रोतांच्या स्वच्छतेनुसार लाल, पिवळं, हिरवं कार्ड दिलं जातं. मी गेले त्या गावांत अहवाल होते, पण ते ग्रामपंचायतीच्या कपाटात. आशाताईंना ते ठाऊक नव्हते. बाळंतिणीच्या घरात कुठल्या बोरमध्ये किती नायट्रेट आहे, हे कुणीच सांगत नव्हतं.

हे बदलायला नवी योजना नको. गावात दर महिन्याला अंगणवाडीत आरोग्य आणि पोषणाचा दिवस होतो. गरोदर बाया, बाळंतिणी, आशाताई, अंगणवाडीताई, नर्सताई सगळ्या एकत्र असतात. त्या दिवशी जलसुरक्षकाने तिथे यावं, गावातल्या प्रत्येक स्रोताचा अहवाल मोठ्याने वाचावा आणि भिंतीवर लावावा: कुठलं पाणी बाळाला चालेल, कुठलं नाही. नायट्रेट जास्त असलेल्या बोरवर तसं रंगवून लिहावं. ज्या घरात सहा महिन्यांच्या पुढचं बाळ आहे तिथे नळाचं पाणी पुरेल असं भांडं आधी भरू द्यावं. बाळंतिणीवर सगळा भार टाकून 'पाणी उकळून घे' एवढं सांगून मोकळं होणं हा अन्याय आहे. उकळायचं तिने, पण कुठलं पाणी उकळायचं हे गावाने तिला सांगायला हवं.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी, भाऊबंदांत, शेजारी या दिवाळीला एखादं तान्हं बाळ असेल. सहा महिन्यांच्या आतलं असेल तर त्याला पाणी देऊ नका, देऊ देऊ नका; पाणी आईला द्या. त्याहून मोठं असेल आणि घरचं पाणी विहिरीचं किंवा बोरचं असेल, तर ग्रामपंचायतीत जाऊन त्या स्रोताचा रासायनिक अहवाल मागा आणि त्यात नायट्रेटचा आकडा ४५च्या आत आहे का ते बघा. अहवाल नसेल तर तपासणी करून मागा. तो आकडा कळणं हा त्या बाळाचा हक्क आहे.